हॉल्ट परेड

लष्कराच्या वहीत गाडी मरते ती हिशेबानं. इंजिन बसलं म्हणून नव्हे की चेसिस मोडली म्हणून नव्हे. दुरुस्तीचा अंदाज ठरावीक मर्यादेच्या वर गेला, की तिच्या नावापुढे बीईआर अशी तीन अक्षरं पडतात. अर्थ एवढाच, की हिच्यावर आणखी पैसा घालणं सरकारला परवडत नाही. मग ती डेपोच्या मागच्या मैदानात रांगेत उभी राहते, दोन-चार पावसाळे अंगावर काढते, आणि एक दिवस लॉट नंबर लागून लिलावात येते.

देहूरोडच्या डेपोतली अशीच एक शक्तिमान दगडूमामांनी घेतली. २००० सालच्या आसपासची गोष्ट. लिलावाला बोली लावणारे बहुतेक भंगारवाले होते. त्यांचा हिशेब सोपा असतो: गाडीत लोखंड किती टन, त्यातून कापायची मजुरी वजा, टायर-बॅटरीचे वेगळे. गाडी चालते की नाही हा प्रश्न त्यांच्या गणितात येतच नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असंही नाही. मामा मात्र आदल्या दिवशी, गाड्या बघायची मुभा होती तेव्हा, विजेरी घेऊन एकेका गाडीखाली आडवे होत होते. संध्याकाळपर्यंत त्यांचा सदरा ओळखू येईना. ज्या गाडीशी ते शेवटी थांबले, तिच्या नंबराच्या सुरुवातीला वर टोक केलेला बाण होता आणि बाणापुढे ८१. तो आकडा गाडी सैन्यात आली त्या सालाचा.

मामा स्वतः सेना सेवा कोरमध्ये ड्रायव्हर होते. श्रीनगर-लेह रस्त्यावर, जोजिलाच्या खिंडीतून, हीच गाडी त्यांनी उमेदीची वर्षं हाकली होती. हीच म्हणजे याच जातीची. शक्तिमान ही मुळात जर्मनीच्या मान कंपनीची रचना. परवाना घेऊन १९५९ पासून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत तिची जुळणी सुरू झाली, कृष्ण मेनन तेव्हा संरक्षणमंत्री होते. पुढे जबलपूरला खास वाहनांचा कारखाना उभा राहिला. १९६५ आणि १९७१ या दोन्ही लढायांत दारूगोळ्यापासून पिठापर्यंत सगळं वाहिलं ते या गाडीनं. नव्वदच्या दशकात तिची जागा स्टॅलियन आणि टाटाच्या गाड्या घेऊ लागल्या, आणि शक्तिमान मैदानामैदानांत साचत गेल्या.

मामांना ती आठवणींसाठी नको होती. अकोले तालुक्यात प्रवरेच्या काठाला त्यांचं गाव. परतीचा पाऊस लांबला की उसाच्या फडात चिखल होतो, आणि आत गेलेला ट्रक भरला की बाहेर येत नाही. दोन ट्रॅक्टर जोडूनही नाही. चारही चाकांना जोर असलेली गाडी गावात एक असावी, हा साधा हिशेब. सोबत होता भाचा, संपत. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा ट्रेड करून नुकताच बाहेर पडलेला, हाताला चपळ, आणि कुठलंही काम सुरू व्हायच्या आधी संपलेलं बघायची घाई असलेला.

पैसे भरले की ठरल्या मुदतीत गाडी हलवावी लागते, नाहीतर जागाभाडं चढतं. संपतनं दोर आणला होता. मामांनी तो बघितला आणि गुंडाळून परत गोणीत टाकला. "ब्रेक नसलेली गाडी दोरानं वढत नसत्यात. उतार लागला की ती आपल्याच ट्रॅक्टरच्या पाठीत येती." टो-बार भाड्यानं मिळेपर्यंत अर्धा दिवस गेला. तळेगावच्या बाजूला मामांच्या एका जुन्या सोबत्याची बंद पडलेली वीटभट्टी होती, तिथल्या मोकळ्या जागेत गाडी नेऊन लावली.

त्याच संध्याकाळी संपतनं दोन बॅटऱ्या आणल्या. या गाडीला चोवीस व्होल्ट लागतात, म्हणजे बारा-बाराच्या दोन, एकीच्या मागे एक जोडलेल्या. वायर लावून तो केबिनमध्ये चढायला निघाला.

"मामा, एकदा सेल्फ मारून बघू का? नुसता आवाज तर ऐकू."

"आन् झाली सुरू, तर?"

"झाली तर झालीच की."

"मंग थांबवशील कशानं?"

संपतला वाटलं मामा थट्टा करतायत. पण दुसऱ्या दिवसापासून जे काम निघालं ते सगळं थांबण्याचं होतं. चारही चाकं उतरवली. ड्रम गंजून असे बसलेले, की तेल सोडून, ठोकून, पुन्हा तेल सोडून एकेक सुटला. आतली व्हील सिलिंडर जाम. मामांनी ती खोलून, पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासून, आतून बोट फिरवून बघितली. एखादा ओरखडा नखाला लागला, की पुन्हा पेपर. रबरं सगळी बदलली. मास्टर सिलिंडर खोलला, लायनर तपासले, ब्रेकच्या लोखंडी नळ्या एकेक करून हवेनं फुंकून घेतल्या. संपत वैतागला होता, पण काम शिकत होता. मामा काहीही पुन्हा बसवण्याआधी त्याच्या हातात देत आणि विचारत, "बघ, यात काय खोट हाय?" खोट नसली तरी काही वेळ शोधायला लावत.

इंजिनाकडे वळले तेव्हाही सेल्फची पाळी लगेच आली नाही. एअर क्लीनरमध्ये गांधीलमाश्यांचं पोळं निघालं. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनाच्या सिलिंडरला आतून गंजाची साय धरते. तशातच सेल्फ मारला तर रिंगा त्या गंजावर घासून भिंतींवर चरे पाडतात, आणि चालू होऊ शकणारं इंजिन चालू करण्याच्या नादात कायमचं जातं. म्हणून नोझल काढून सहाही सिलिंडरमध्ये थोडं थोडं इंजिन ऑइल सोडलं आणि दोन रात्री तसंच ठेवलं. मग पुढच्या पुलीला पाना लावून हातानं फिरवायला घेतलं. आधी हलेना. मग बोटभर हलली. दुपारपर्यंत पूर्ण फेरा झाला, तेव्हा संपतनं टाळी वाजवली आणि मामांनी त्याला डिझेलच्या टाकीकडे पाठवलं.

टाकीचं काम मजेचं. आत तपकिरी गाळ आणि गंजाचे पापुद्रे. टाकी उतरवून तिच्यात थोडं डिझेल, वाळूतले बारीक गोटे आणि सायकलच्या चेनचा तुकडा टाकला आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून ती खळखळवली. ओतलं, पुन्हा भरलं, पुन्हा खळखळवलं. वीटभट्टीवरची पोरं जमली, तीही धरू लागली. शेवटचं डिझेल स्वच्छ निघालं तेव्हा चेनचा तुकडा लख्ख झाला होता. गाडीच्या निम्म्या दुरुस्तीत असं असतं. ज्ञान थोडं आणि खळखळवणं फार.

क्लचनं सगळ्यांत जास्त छळलं. पेडल दाबलं जाई, पण क्लच सुटत नसे; भाकरी तव्याला धरावी तशी प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली. गिअरबॉक्स उतरवायची तर आणखी आठवडा. मामांनी पेडल पूर्ण दाबून सीटच्या खोक्याशी लाकडाचा ठोकळा अडकवला आणि तसंच सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी ते दोघं टायर बघत असताना केबिनखालून ठक् असा आवाज आला. प्लेट आपसूक सुटली होती.

टायरच्या वेळी मामा पहिल्यांदा ओरडले. मोठ्या ट्यूबच्या टायरला रिमवर एक लोखंडी लॉक रिंग असते. हवा भरताना ती नीट बसलेली नसली, तर तोफेच्या गोळ्यासारखी उडते. रस्त्याकडेच्या किती टायरवाल्या पोरांचे जीव तिनं घेतलेत. संपत चाक उभं धरून, रिंग स्वतःकडे करून हवा भरायला बसला होता. मामांनी त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. चाक आडवं पाडलं, रिंग जमिनीकडे, वरून साखळीचे वेढे, आणि हवेची नळी लांब. मग शांतपणे म्हणाले, "आता भर."

मग राहिले ब्रेकचे होज, चाकाकडे जाणाऱ्या त्या लवचीक रबरी नळ्या. उन्हानं सगळ्यांच्या अंगावर बारीक भेगा पडल्या होत्या. इथं दुरुस्तीचा प्रश्नच नव्हता. संपत नमुना घेऊन पुण्याला नाना पेठेत गेला आणि त्याच मापाचे नवे कोरे होज घेऊन आला. छापील प्लास्टिकच्या पिशव्या, वर होलोग्रामचं चकचकीत चिकटपत्र. इतक्या दिवसांच्या गंजानंतर एवढी स्वच्छ वस्तू हातात आली, की जीव सुखावतो. त्यानंच ते बसवले. जुने होज मामांनी सवयीनं गोणीत टाकले. काढलेला कुठलाही तुकडा गाडी घरी पोचेपर्यंत फेकायचा नाही, हा त्यांचा नेम.

एअर काढायचं शेवटचं काम संपतनं एकट्यानं केलं. डिझेलच्या लाइनमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी इंजिन उचलत नाही. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हँड पंप मारत राहायचं. आधी फेस, मग फेस आणि डिझेल, मग अखंड धार. धार आली. मामांनी मान हलवली, आणि संपतला अखेर सेल्फ मारायला मिळाला. इंजिन दोनदा कण्हलं, पांढऱ्या धुराचा लोट वीटभट्टीवर पसरला, आणि मग सहाही सिलिंडर एका सुरात लागले. भट्टीवरची बाई भाकऱ्या टाकून बघायला आली. मामांनी पेडल दाबून, गाडी दहा पावलं पुढे नेऊन थांबवून दाखवली. थांबल्यावर ते हसले. सुरू झाल्यावर नव्हते हसले.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यात झालं नाही. डेपोचं फॉर्म २१ मधलं विक्री-प्रमाणपत्र, विमा, तात्पुरता नंबर. शिवाय रंग. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१व्या नियमानं ऑलिव्ह ग्रीन हा रंग लष्कराशिवाय कुणाच्या गाडीला चालत नाही. एवढ्या वर्षांच्या मातकट हिरव्यावर पिवळा रंग चढला तेव्हा मामा चहा प्यायला निघून गेले.

निघाले ते पहाटे. मामांनी आधी फर्स्ट परेड केली. फौजेत ड्रायव्हरचा दिवस तिनंच सुरू होतो: तेल, पाणी, हवा, नट, गाडीखालची जमीन. दर थांब्याला हॉल्ट परेड आणि मुक्कामाला लास्ट परेड. "जोजिलावर गाडी बंद पडली तर गॅरेज नसतं," ते म्हणाले, "मागं नुसता कॉन्व्हॉय असतो." चाकण, राजगुरूनगर, खेडचा घाट ओलांडून मंचर, नारायणगाव. गाडी तापली नाही, खोकली नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजारापाशी माणसं वळून बघत होती. संपत प्रत्येक थांब्याला खाली उतरे. एक बाजू मामांची, एक त्याची. मामा प्रत्येक चाकाच्या तुंब्याला हाताची मागची बाजू लावून बघत: बेअरिंग तापतंय का, ब्रेक धरून राहिलाय का. संपत विजेरी घेऊन खाली सरपटे आणि एकेका जोडावरून बोट फिरवे. फीड पंप, जुन्या नळ्या, व्हील सिलिंडरच्या कडा, स्टिअरिंगचे सांधे.

आळेफाट्याला तिसऱ्या प्रहरी चहा झाला. संपतनं हॉल्ट परेड केली, हात पुसत आला.

"समदं ठीक?"

"एकदम. जुनं जेवढं हाय तेवढं सगळं बघितलं."

मामा गाडीत चढले.

बोटा, घारगाव, आणि मग चंदनापुरीचा घाट. संगमनेरच्या अंगाला उतरताना वळणं एकामागे एक येतात, आणि तेव्हा रस्ता आजच्याइतका रुंद नव्हता. घाटाच्या तोंडाशी मामांनी गाडी जवळपास थांबवून दुसऱ्या गिअरमध्ये घातली. संपत म्हणाला, "मामा, रिकामीच हाय की. ब्रेक तर नवे." मामांनी उत्तर दिलं नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे ट्रकवाल्यांचं जुनं सूत्र. ब्रेक हा हिशेबात धरायचाच नाही, तो वरकड. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत आला, शिव्या देत पुढे गेला.

दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर मामांनी पेडल दाबलं आणि ते सरळ तळाला गेलं.

त्या काळच्या ब्रेकची रचना अशी, की एका ठिकाणी तेल गेलं की दाब सगळीकडचा जातो. मामांनी पेडल आणखी दोनदा मारून बघितलं, नुसतं हलकं. त्यांचा चेहरा बदलला नाही, पण ओठ मिटले. इंजिन गाडीला धरून होतं, गुरगुरत. त्यांनी एक मोठा रेस मारून गाडी पहिल्या गिअरमध्ये ओढली, गाडीनं गचका दिला, वेग आणखी मोडला. हँडब्रेक थोडा थोडा. पुढच्या वळणाला डोंगराच्या बाजूला खडीचा ढीग पडला होता. त्यांनी पुढचं चाक हलकेच त्यात घातलं. "उतर. दगड लाव," एवढंच बोलले. संपत गाडी पुरती थांबायच्या आतच दगड घेऊन पळत होता.

डाव्या मागच्या चाकाच्या बाजूनं तेलाचा ओघळ आला होता. नवा होज. रबराला ओरखडाही नव्हता. टोकाची लोखंडी टोपी, जी रबरावर दाबून आवळलेली असते, ती नीट आवळलेलीच नव्हती. रबर तिच्यातून सुळकन निसटून बाहेर लोंबत होतं. टोपीच्या कडेला तेलात भिजलेल्या मातीची जाड रेघ होती. म्हणजे सकाळपासून तिथून थोडं थोडं झिरपत होतं. बोट फिरवलं असतं तर कळलं असतं.

संपत गाडीखालून बाहेर आला तो बोलेनाच. मामा खडीवर बसले होते, बिडी पेटवत. हात किंचित थरथरत होता. ते त्यांनी लपवलंही नाही.

"आळेफाट्याला काय काय बघितलंस?"

"सगळं. म्हणजे... जुनं सगळं."

"हे का न्हाई?"

"नवं होतं."

मामांनी दोन झुरके घेतले. "तुला वाटतं ती जुनी सिलिंडरं टिकली ती जर्मनांनी बनवली म्हणून? तुझा त्यांच्यावर काडीचा भरवसा नव्हता म्हणून टिकली. धा वेळा उघडली, पुसली, बघितली. ह्याच्यावर भरवसा होता, म्हणून ह्याच्याकडं कुणी बघितलंच न्हाई." मग थोड्या वेळानं, जणू ते बोलायचं नव्हतं तरी तोंडातून आलं, "आन् मी तरी कुठं बघितलं? होज बसवले तू. म्हटलं पोरगं शिकून आलंय, नवीन शिक्षण हाय. तुझं काम मी तपासलं न्हाई."

संपतनं यावर काय बोलावं? त्यानं गोणी उपसली. तळाशी जुने होज होते. त्यातला त्या जागेचा शोधून त्यानं तो उजेडात धरला, दोन्ही टोकं मुठीत पकडून पीळ दिला, ओढला, वाकवून भेगा किती खोल आहेत ते बघितलं. भेगा वरच्यावर होत्या. टोप्या घट्ट. बसवला, तेल भरलं, एअर काढली. मग मामा पेडलवर दोन्ही पायांनी उभे राहिले आणि संपत खाली पडून, नाकाशी विजेरी धरून त्या होजकडे बघत राहिला. एक थेंब नाही. तरी समाधान झालं नाही. त्यानं उरलेल्या तीन नव्या होजच्या टोप्याही चाचपल्या, आणि मामांना पुन्हा उभं राहायला सांगितलं. मामा उभे राहिले.

अंधार पडला होता. उरलेला घाट त्यांनी पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं उतरला. या वेळी संपत गिअरबद्दल काही बोलला नाही. संगमनेरच्या अलीकडे दोनदा थांबून त्यानं गाडीखाली डोकं घातलं, कुणी न सांगता. गावात पोचले तेव्हा मध्यरात्र उलटली होती, तरी मामांनी लास्ट परेड केली आणि मगच जेवायला बसले.

त्या वर्षी परतीचा पाऊस जोरात झाला. हंगाम सुरू झाल्यावर शक्तिमाननं फडातून काय काय ओढून काढलं याच्या गोष्टी गावात अजून सांगतात, त्यातल्या निम्म्या वाढवलेल्या आहेत.

हंगामाआधी संपत संगमनेरला एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेला होता, होजच घ्यायला. दुकानदारानं चार पिशव्या काउंटरवर टाकल्या. संपतनं पहिली फाडली, होज बाहेर काढला आणि टोपी धरून जोरानं पीळ दिला. मग दुसरी पिशवी उचलली.

"अहो पावणं, सीलबंद माल हाय," दुकानदार म्हणाला. "कंपनीनं चेक करून पाठवलाय."

"हो," संपत म्हणाला, आणि तिसरी फाडली.